खाली ओल हाय

"ठीक हाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नोव्हेंबर संपत आला होता. मी मुंबईत, प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर चहा घेऊन बसले होते आणि मोबाइलवर यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतातल्या ओलीचा आकडा बघत होते. ११ टक्के. पंधरा दिवस रोज थोडा थोडा उतरत तो इथवर आला होता. तूर फुलावर होती. मी फोन लावून म्हटलं, "बाबा, तुरीले पाणी द्या लागते. लय सुकली जमीन." पलीकडं थोडा वेळ नुसता बैलाच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज. मग ते म्हणाले, "खाली ओल हाय ना. सकायीच उकरून पायलं म्या." मी म्हटलं, कांडी तर वेगळंच सांगते. कांडी म्हणजे मातीतली ओल मोजायला मी तयार केलेला संवेदक. तो बसवला आहे टोकदार नळीत, म्हणून बाबांच्या लेखी ती पहिल्या दिवसापासून कांडी. "आता तुही कांडी म्हणते तं..." असं म्हणून ते थांबले. मग ठीक हाय.

पुढचं आईकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं, भाजीच्या भावाच्या आणि मावशीच्या गुडघ्याच्या मधेमधे. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रपाळीची होती. बाबा साडेबाराला उठले, कानाला दुपट्टा बांधला, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात रानडुकरांसाठी काठी घेऊन विहिरीवर गेले. पहाटेपर्यंत गार चिखलात अनवाणी उभं राहून त्यांनी दांड फोडत-बुजत सगळ्या तुरीत पाणी फिरवलं. चौथ्या दिवशी धुई पडली, म्हणजे दाट धुकं, दोन दिवस उठलीच नाही. आईनं फोटो पाठवला: तुरीखाली पिवळ्या फुलांचा सडा. फोटो खरं तर सुंदर होता, आणि मी आधी तो सुंदर म्हणूनच पाहिला, हे मला अजून लागतं. फुलं पाण्यानं गळली की धुईनं, हे कुणीच सांगू शकत नाही. भारी जमिनीत, फुलोऱ्यात, आधीच ओल असताना दिलेलं पाणी तुरीला मानवत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मलाही माझी बाजू मांडता आली असती.

बाजू तशी होती. निदान डिसेंबरभर मला तसं वाटत होतं.

मी जिथं काम करते त्या खोलीत कापूस न्यायला बंदी आहे. हे वाक्य मी गावात गंमत म्हणून सांगते आणि लोक हसतात. मला मात्र पहिल्या दिवशी ते ऐकून हसू आलं नव्हतं. सुती कपड्याचे तंतू झडतात, म्हणून आत जाताना अंगभर पॉलिएस्टरचा पांढरा झगा, टोपी, मास्क, हातमोजे, बूट. पुसायचं फडकंही पॉलिएस्टरचं. आमच्या खोलीतल्या सगळ्यात स्वच्छ कोपऱ्यात एक घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त चालत नाहीत. आणि मी वाढले ती जागा अशी, की हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं शाळेतून आलं तर भुवया पांढऱ्या व्हायच्या. दारात, ओसरीत, खाटेखाली, सगळीकडं कापूस. आम्ही भावंडं कापसाच्या गंजीत लोळायचो. अंगाला खाज सुटायची, पण त्या उबेचा आणि सरकीच्या तेलकट वासाचा मोह सुटायचा नाही. कापसाच्या एका धाग्याची रुंदी १२ ते २० मायक्रॉन असते. माझ्या संवेदकावरच्या दोन रेघांमधलं अंतर त्याहून कमी. म्हणजे एक धागा आडवा पडला तर माझा अख्खा दिवस वाया. ज्या पिकाच्या पैशानं माझी फी भरली गेली, त्याचा एक तंतू माझ्या कामाचा वैरी आहे, असं एखाद्या भाषणात टाळीसाठी म्हणता येईल. प्रत्यक्षात त्या पिवळ्या उजेडात तासन् तास उभं राहून पाय दुखतात, बाकी काही सुचत नाही.

उजेड पिवळा ठेवतात, कारण सिलिकॉनच्या चकतीवर जो रसायनाचा थर देतो त्याला निळा-जांभळा प्रकाश लागला की तो बदलतो. आधी चकती गरगर फिरवायची, मिनिटाला तीन-चार हजार फेरे, म्हणजे वर टाकलेला थेंब पसरून सगळीकडं सारखा पातळ होतो. मग नक्षीची काच वर धरून अतिनील किरणांचा झोत. धुतलं की नक्षी उमटते. मग वरून सोन्याची वाफ बसवायची. आणि शेवटी सगळं ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायचं. या टप्प्यावर माझा जीव आहे. काही वेळ काहीच होत नाही. मग कडेला एक सुरकुती पडते, नको असलेलं सोनं मिठाईवरच्या वर्खासारखं उचकटतं, चुरगळत तरंगायला लागतं, आणि खाली उरतात त्या सोन्याच्या रेघा: दोन कंगवे एकमेकांत दाते घालून बसवावेत तशा. त्यांच्यावर ग्राफीन ऑक्साईडचा पातळ थर दिला की संवेदक तयार. मातीतलं पाणी त्या थरात शिरलं की दोन कंगव्यांमधली विजेची धारकता, म्हणजे वीज साठवून धरायची ताकद, वाढते. पाण्याचे रेणू विजेच्या क्षेत्रात चटकन माना वळवतात, त्यामुळं पाण्याचा हिशोब फार वेगळा पडतो: हवेचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विजेच्या क्षेत्राला मिळणाऱ्या या प्रतिसादाचं माप, १, कोरड्या मातीचा ३ ते ५, आणि पाण्याचा ८०च्या आसपास. एवढी तफावत असताना ओल मोजणं सोपं वाटावं. मलाही वाटलं होतं.

आमच्या घरात ओल मोजायची साधनं पुष्कळ होती, फक्त त्यांना कुणी साधनं म्हणत नव्हतं. आजी ज्वारीचा दाणा दाढेखाली धरायची. कट्ट वाजला तर कोठीत, नाही तर आणखी दोन दिवस उन्हात. तिच्या शेवटच्या वर्षांत दाढा गेल्या तेव्हा तिनं हे काम मला दिलं. मी दाणा चावायचे आणि ती माझ्या तोंडाजवळ कान आणायची. बाबा पेरणीआधी मातीचा लाडू वळून कमरेइतक्या उंचीवरून सोडतात. पडून फुटला तर वाफसा आला. चपटा झाला तर अजून चिखल, वळलाच नाही तर उशीर झाला. आणि कापूस विकायला नेला की व्यापाऱ्याचा हात. गाडीत कोपरापर्यंत हात घालून तो डोळे मिटल्यासारखे करायचा आणि म्हणायचा, "ओल हाय." त्याच्या हाताला नेहमीच ओल लागायची. मी सातवीत असताना एका खरेदीत पहिल्यांदा मीटर आलं, कापसात दोन सुया खुपसायचं. आधारभूत भावाच्या खरेदीत ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कापून भाव आणि त्याच्या वर घेतच नाहीत. मीटरनं आमच्या गाडीला १४ दाखवले. बाबा त्या छोट्या खिडकीतल्या आकड्याकडं बघत राहिले. व्यापाऱ्याच्या हाताशी हुज्जत घालता यायची, त्याला चहा पाजता यायचा, त्याच्या मेव्हण्याची ओळख काढता यायची. आकड्याचं काय करणार? गाडी परत आली. तीन दिवस कापूस उन्हात पसरून आम्ही पुन्हा नेला, तेव्हा ९. मीटर खोटं होतं असं मी म्हणत नाही, पहाटेच्या दवात वेचलेला कापूस होता तो. पण ११ टक्के ऐकल्यावर बाबा फोनवर जे थांबले, ते याच खिडकीसमोर थांबले असावेत असं मला आता वाटतं. फरक एवढाच, की या वेळी खिडकीच्या पलीकडं पोरगी होती.

कांडीच्या आधीची दोन वर्षं मी दुसऱ्याच गोष्टीत घालवली. एका टोकाला धरलेल्या, दुसऱ्या टोकाला मोकळ्या अशा सिलिकॉनच्या पट्ट्या. पोहण्याच्या तलावावरच्या उडी मारायच्या फळीसारख्या, पण जाडी मायक्रॉनभर. पट्टी मोकळी करायला तिच्या खालचा थर रसायनानं खायचा, मग पाण्यानं धुवायचं, मग वाळवायचं. आणि वाळताना घात व्हायचा. पट्टीखाली उरलेलं पाणी आटता आटता पट्टीला खाली ओढायचं. पाण्याचा पृष्ठताण आपल्याला एरवी जाणवतही नाही, पण त्या मापाला तो दोरखंडासारखा असतो. पट्टी तळाला चिकटली की चिकटली, पाणी उडून गेलं तरी सुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बारा पट्ट्या दिसायच्या आणि बाराच्या बारा झोपलेल्या. यावर उपाय आहे: पाण्याच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि ३१ अंश तापमान, ७३ वातावरणं दाब यांच्या पलीकडं नेऊन त्याला असा उडवायचा, की द्रव आणि वायू यांच्यात सीमाच उरत नाही. सीमा नाही तर ताण नाही, ताण नाही तर ओढ नाही. ते यंत्र आमच्याकडं आलं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी गावी आले होते. वखरलेल्या शेतात ढेकळं तुडवत चालताना एक ढेकूळ उचलून फोडायला गेले आणि हाताला लागलं. दगड. जून-जुलैत बोटाला चिकटणारी तीच माती. पाणी जाता जाता कणाकणाला ओढून घेतं आणि आवळून ठेवतं. माझ्या बारा पट्ट्या आणि हे ढेकूळ, दोन्हीकडं एकच हात फिरलेला. मी बाबांना हे सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "हो, कायी माती हाय ते. वली असली तं पाय धरते, वायली तं पाय फोडते."

काळ्या मातीबद्दल मी शिकले ते फार उशिरा, आणि तेही संवेदकाच्या निमित्तानं. दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, त्याचा बेसाल्ट झाला, तो कुजत कुजत ही माती झाली, इथवर शाळेत असतंच. पण त्या मातीतलं जे चिकणखनिज फुगतं आणि आकसतं, त्याचं नाव माँटमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या एका गावावरून पडलेलं. त्याचे पापुद्रे असतात, एकावर एक, आणि एक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीचा. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. एका रेणूचा थर बसला की पापुद्रे तेवढे लांब सरकतात, दुसरा बसला की आणखी. आम्ही शंभर कोटींच्या यंत्रांनी एक नॅनोमीटरचे थर द्यायला धडपडतो, आणि इथं बाबा ते सायकलच्या मडगार्डवरून काडीनं खरवडून काढतात. अशा शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमचा सगळा पृष्ठभाग उलगडला तर ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे पाच-सात ग्रॅममध्ये, चमचाभरात, एक एकर. मी एकदा गाडीत बसल्या बसल्या हिशोब केला होता: बाबा मूठभर माती उचलतात ती शंभर ग्रॅम धरली, त्यात निम्मं जरी हे खनिज असलं, तरी सात एकराच्या वर. आमची जमीन पाच एकर आहे.

आणि या सगळ्या अंगाला पाणी चिकटून बसतं, इतकं घट्ट की मुळांनाही सुटत नाही. वाळूत १५ टक्के ओल असेल तर पीक खुशाल पाणी पितं. आमच्या मातीत वीस टक्के असूनही ते तहानलेलं असू शकतं. म्हणजे ११ हा आकडा बघताक्षणी मला शंका यायला हवी होती. भारी काळ्या मातीत खरंच ११ उरले असते तर तूर केव्हाच माना टाकून बसली असती, आणि आईच्या फोटोत ती हिरवीगार उभी होती. हे मला ठाऊक होतं. माझ्या संशोधनाच्या पेपरात लिहिलं होतं मी, स्वतःच्या हातानं, प्रस्तावनेत. पण आकडा रोज शिस्तीत उतरत होता, त्याची रेघ सुंदर दिसत होती, आणि खरं सांगायचं तर कांडी गावाच्या उपयोगाला येते आहे याचा मला आतून फार आनंद झाला होता. आधीची कांडी पेरणीनंतर महिन्याभरात उंदरांनी वायर कुरतडून संपवली होती. ही टिकली होती. टिकलेल्या गोष्टीवर कोण शंका घेतं!

संक्रांतीला गावी गेले. आईनं तिळगुळाआधी विहिरीवरून पाणी आणायला लावलं, शेजारच्या काकूंनी लग्नाचं विचारलं, सगळं रीतीप्रमाणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांबरोबर शेतात. तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या होत्या, वाऱ्यावर बारीक खुळखुळत होत्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्या, दरवर्षीपेक्षा कमी. बाबा पुढं, मी मागं. वाटेत दोघंही तुरीबद्दल बोललो नाही.

कांडी होती तिथं पोचलो आणि मी खाली बसले. तिच्या अंगालगत भेग होती. अशी तशी नाही, माझा हात मनगटापर्यंत आत गेला आणि बोटांना खालचा गारवा लागला. भेग कांडीला वळसा घालून पुढं गेली होती, आणि कांडीची एक बाजू, नेमकी चिप असलेली, उघड्या हवेत होती. मातीला तिचा स्पर्शच नव्हता. नोव्हेंबरात ती हवा मोजत होती आणि मी तिला जमीन समजत होते. हवेचा १, पाण्याचे ८०. कोरडं, कोरडं, आणखी कोरडं, असंच ती सांगणार. तिच्या परीनं ती खरं बोलत होती.

मी उठून आजूबाजूला पाहिलं. तुरीच्या ओळींमधले बाकीचे पट्टे, जिथून ऑक्टोबरात सोयाबीन निघालं होतं, ते भुसभुशीत होते. अधूनमधून केसाएवढी चीर, हातभर भेग कुठंच नाही. फक्त हा एक पट्टा तडकलेला. माझ्या डोक्यात भराभर कारणं यायला लागली: इथं मातीची खोली वेगळी असेल, उतार असेल, नळीमुळं ताण एकवटला असेल. मी बाबांना विचारलं, "अथीच कशी भेग पडली?"

ते जरा संकोचले. माझ्या वस्तूबद्दल वाईट बोलायचं झालं की ते तसे संकोचतात. "सोयाबीन निंगाल्यावर साऱ्या वावरात डवऱ्याचा फेर मारला. माती भुसभुशीत केली का भेग बुजते, ओल दबून रायते. पण अथी तुही कांडी होती. बैलाचा पाय लागन, नाई तं वायर तुटन, म्हून हा पट्टा सोडला म्या."

मला काही बोलताच येईना. पाच एकरात एकच जागा त्यांनी राखून ठेवली होती, आणि मी तेवढ्या जागेवरून पाच एकराचा हुकूम सोडला होता. खोलीत धुळीचा कण येऊ नये म्हणून आम्ही जी काळजी घेतो, तशीच त्यांनीही घेतली होती. एक माणूस मोजमापाला जपत राहिला आणि मोजमाप त्यानंच बिघडलं. आता याचा मी पेपर लिहू शकते, लिहीनही बहुधा. 'फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीत संवेदकाचा संपर्क' वगैरे. त्यात रात्रीचे साडेबारा कुठं बसवायचे?

"बाबा, फोनवर सांगाचं ना तुम्ही हे."

"तू कुठं इचारलं."

ते उकिडवे बसले, खुरप्यानं वीतभर खालची माती काढली. वरची राखाडी, खालची काळीभोर, थंड. तिचा लाडू वळला. मी कांडी उपसून पुसली आणि मोबाइलवर आकडा लावला: ९, उघड्या हवेत धरलेली. बाबांनी तो लाडू कांडीच्या टोकाभोवती बसवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला, भाकरीच्या पिठाचा उंडा दाबतात तसा. आकडा हलला. १३. १७. "वाढते का?" त्यांनी विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय पडदा दिसत नव्हता. मी म्हटलं, वाढते. "थांब, अजून दाबतो." २२. २५. २७. मग तो थांबला.

"सत्तावीस," मी म्हटलं.

"चांगली हाय का मंग?"

हात इतका जवळ असला की माणसाच्या अंगाचीही धारकता त्यात येते, तळव्याचा घाम येतो, ऊब येते. त्या २७ मध्ये थोडे बाबांचे होते. ते वजा कसे करायचे हे मला येतं. मी वहीत २७ लिहिलं, आणि बाबांनी अजून हात काढला नव्हता.